नळाची पाळी आणि डीपीचा लोड: एका कॉलनीच्या विजेचा हिशोब

परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, गावाच्या कडेला पंधरा-वीस वर्षांत वाढलेली कॉलनी, नोकरदार, दुकानदार, शेती गावाकडं अन् मुलांच्या शाळेसाठी इथं घर अशी मिश्र वस्ती. सगळ्या कॉलनीला 100 केव्हीएची एकच डीपी, म्हणजे एवढाच भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर, तिच्यावर साधारण 80 घरं. एप्रिल लागला की डीपीचा फ्यूज उडणं सुरू, कधी रात्री आठला, कधी नऊला, अन् मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की लोक पुढाऱ्याला फोन करून 200 ची डीपी मागतात. आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटमध्ये फायनल इयरच्या पोरांना स्मार्ट ग्रिडसाठी घरगुती मागणीचं मॉडेल हा प्रोजेक्ट द्यायचा होता, तर म्हटलं परदेशातला रेडीमेड डेटा डाउनलोड करून ग्राफ काढण्यापेक्षा हीच डीपी घ्या, तिचा लोड घराघरातून वर जोडत आणा अन् ती नेमकी कशानं उडायलीय ते सांगा.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय एसीवर होता, आणि ते साहजिक आहे, कारण एसी दिसतो, बाहेर डबा लटकलेला असतो. पोरांनी मोजले तर चालू एसी दहाच्या आसपास. मग हिशोब मांडला. उन्हाळ्यातल्या रात्री नऊच्या सुमाराला एका घरात काय चालू असतं? दोन साधे पंखे 75 वॅटचे, म्हणजे 150. कूलर 180 धरा. फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना शे-सव्वाशे घेतो पण तो मधेमधे बंद होतो म्हणून सरासरी 60. टीव्ही 60, बल्ब-ट्यूब 50. झाले 500 वॅट. 80 घरांचे 40 किलोवॅट. दहा एसी दीड किलोवॅटचे, थर्मोस्टॅटमुळं सगळे एकाच वेळी कॉम्प्रेसर चालवत नाहीत म्हणून 70 टक्के धरले तर अजून साडेदहा. एकूण 50 किलोवॅट, पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी खऱ्या कामाला लागणारा हिस्सा, 0.9 धरला तर 56 केव्हीए. 100 च्या डीपीला 56 म्हणजे काहीच नाही, आरामात झोपली पाहिजे ती. तरी उडते.

उत्तर लाईनमनमामांकडं होतं आणि ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "सर, मला नळाचा टाइम कुणी सांगावं लागत नाही, फोन वाजायला लागले की समजायचं नळ सुटला."

आता ज्यांचं आयुष्य चोवीस तास पाण्याच्या शहरात गेलंय त्यांच्यासाठी हे नीट सांगतो. आपल्याकडं बहुतेक गावांत नळाला रोज पाणी नसतं, पाळी असते, चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून लांबते. वॉलमन कॉलनीच्या पाइपलाइनचा वॉल (व्हॉल्व्ह) सोडतो, दीड-दोन तास पाणी येतं, तेवढ्यात हौद भरायचा, टाकी भरायची, पिंप, घागरी, कूलर, सगळं भरून घ्यायचं. नळाला प्रेशर नसतं म्हणून लोक थेट नळालाच मोटर जोडतात. हे नियमात बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण शेजाऱ्यानं मोटर लावली की आपल्या तोटीला नुसती हवा येते, मग आपणही लावतो, मग पलीकडचा लावतो, आणि असं करत 80 पैकी साठेक घरांत मोटर आली. मी यात कुणाला दोष देत नाही, पाच दिवसांचं पाणी दोन तासांत भरायचं असेल तर कुणीही हेच करील.

अर्धा एचपीची मोटर म्हणजे 373 वॅट, पण तो शाफ्टवरचा आकडा झाला. छोट्या मोटरची कार्यक्षमता कमी, त्यात रिवाइंड केलेली असेल तर अजून कमी, म्हणून तारेतून ती साडेपाचशे-सहाशे ओढते. एक एचपीवाली हजाराच्या पुढं. सरासरी 700 वॅट धरा. साठ मोटरी म्हणजे 42 किलोवॅट, आणि यांचा पॉवर फॅक्टर 0.75 च्या आसपास, म्हणजे एकट्या मोटरींचेच 56 केव्हीए. केव्हीए सरळ बेरजेनं जोडत नाहीत, किलोवॅट वेगळे जोडायचे, रिॲक्टिव्ह, म्हणजे काम न करता तारेत येजा करणारा भाग, वेगळे जोडायचे आणि मग दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं: किलोवॅट 92, रिॲक्टिव्ह 61, म्हणजे 110 केव्हीए. डीपी 100 ची. कॉलनीतल्या एकाही घरात नवीन एसी न येता, एकाही माणसानं उधळपट्टी न करता लोड दुप्पट झाला.

आणि हे 110 सुद्धा तीन फेजवर सारखे वाटले तर. 100 केव्हीएच्या डीपीला 433 व्होल्टच्या बाजूला फुल लोड करंट प्रत्येक फेजला 133 अँपिअर असतो. कॉलनी जशी वाढली तशी नवीन घरांची सर्व्हिस वायर जो फेज हाताला सोपा त्याच्यावर टाकली गेली, त्यामुळं एका फेजवर जवळपास 45 टक्के लोड बसला होता. 110 चे 45 टक्के म्हणजे साधारण 50 केव्हीए एका फेजवर, म्हणजे 200 अँपिअर. मामांच्या क्लॅम्प मीटरवर पाळीच्या रात्री याच्याच आसपासचा आकडा यायचा. दिवसभर तापलेलं डीपीचं तेल, रात्रीही गरम हवा, आणि एका फेजला दीडपट करंट. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं, कारण फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातली असती तर वाइंडिंग गेलं असतं.

इथपर्यंत सगळं गुणाकार-बेरजेचं काम झालं. खरा अभ्यास पुढं आहे, की हे मॉडेलमध्ये बसवायचं कसं, कारण घरगुती मागणीची जी प्रसिद्ध मॉडेलं आहेत त्यांच्यात नळ नावाची गोष्टच नाही. ब्रिटनमध्ये लफबरो विद्यापीठातल्या लोकांनी 2010 साली एकेका मिनिटाचं मॉडेल मांडलं, फार सुंदर काम आहे, मनापासून सांगतो, प्रत्येक विद्यार्थ्यानं ते बघावं. त्यात तिथल्या 2000 सालच्या वेळ-वापर सर्व्हेवरून घरात किती माणसं जागी आहेत ते काढतात, मग त्यावरून कुठलं उपकरण कधी चालू होईल याची शक्यता, आणि मग सगळ्या घरांची बेरीज. आपल्याकडंही 2019 चा वेळ-वापर सर्व्हे आहे, पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने, तो वापरता येतो आणि आम्ही पंखे, टीव्ही, लाईटसाठी त्याच पद्धतीनं गेलो. पण या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत आहे: घरं एकमेकांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. माझी इस्त्री आत्ता चालू आहे म्हणून तुमची चालू असेल असं नाही. म्हणूनच शंभर घरांचा एकत्रित कमाल लोड शंभर कमाल लोडांच्या बेरजेपेक्षा कितीतरी कमी येतो, यालाच डायव्हर्सिटी म्हणतात, आणि जगभरातल्या डीपी या डायव्हर्सिटीच्या भरवशावर छोट्या ठेवता येतात. नळाच्या पाळीला ही डायव्हर्सिटीच संपते. साठ घरं एका वॉलवर एका मिनिटाला जागी होतात.

युनिटवरून लोड काढायच्या पद्धतीचंही तेच. स्वीडनमधून आलेलं वेलँडरचं सूत्र आहे, वर्षाचे युनिट आणि त्याचं वर्गमूळ घेऊन दोन स्थिरांकांनी कमाल मागणी काढायची, अनेक ठिकाणी चालतं. इथं लावून बघा. मोटर एका पाळीला दीड तास चालली तर एक युनिट आणि थोडं वर, महिन्याला सहा पाळ्या धरल्या तर सव्वासहा युनिट. उलट कूलर दिवसाला बारा तास चालला तर दोन युनिटच्या वर, म्हणजे तीन दिवसांचा कूलर बरोबर महिनाभराची मोटर. बिलात मोटर दिसतच नाही. ज्या घरात मोटर आहे आणि ज्या घरात नाही त्यांच्या बिलाच्या आकड्यांत फरक शोधायला गेलो तर काही हाती लागत नाही, आणि तीच मोटर डीपीचा लोड डबल करते. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं काही वाटत असेल तर हे: युनिटचा मालक वेगळा आणि पीकचा मालक वेगळा, आणि आपल्या भागात पीकचा मालक पाणी आहे.

मग मॉडेल तीन थरांचं केलं. पहिला थर रोजचा, घड्याळावर चालणारा. दुसरा थर हवामानाचा, म्हणजे मुख्यतः कूलरचा, आणि इथं नुसतं तापमान घेऊन भागत नाही. एसीला थर्मोस्टॅट असतो, कूलरला नसतो, तो चालू म्हणजे चालू, सरळ रेघ. आणि कूलर हवेतल्या कोरडेपणावर चालतो, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं हवा कोरडी ठणठणीत असते तेव्हा कूलरसारखं सुख नाही, पण जूनमध्ये ढग आले, दमट झालं की 36 डिग्री असूनही कूलर नुसता चिकचिकाट करतो, लोक बंद करतात. तापमानावरच फिट केलेलं मॉडेल जूनमध्ये लोड जास्त दाखवतं. म्हणून वेट बल्ब तापमान घेतलं, ज्यात हवेतला दमटपणाही धरला जातो, त्यानं फरक पडला. शिवाय कूलरलाही पाणी लागतंच, पाळी लांबली की बाया आधी कूलरचं पाणी तोडतात, वाळा कोरडा, पंखा तेवढा फिरत राहतो. म्हणजे दुसऱ्या थरातही पाणी घुसलेलंच आहे.

तिसरा थर पाळीचा, आणि याचा डेटा कुठून आणायचा हा प्रश्न होता. तो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडला. "आज रात्री 8 वा. नळ येईल", "वॉल सोडला", "पाणी गेलं का ओ तुमच्याकडं" असे मेसेज, प्रत्येकावर वेळ छापलेली, मागच्या दोन उन्हाळ्यांचे. कुठल्याही सेन्सरपेक्षा हा रेकॉर्ड चांगला निघाला. ग्रुपवरच्या लोकांना विचारूनच घेतला, नावं-नंबर काढून फक्त वेळा ठेवल्या. वॉलमनच्या वहीशी ताडून बघितलं, बहुतेक ठिकाणी जुळलं.

मॉडेलमध्ये नुसतं "पाळी आहे, मोटर चालू" असं ठेवून चालत नाही, कारण मोटर किती वेळ चालते हे इतर किती मोटरी चालू आहेत यावर ठरतं. जास्त मोटरी, कमी प्रेशर, प्रत्येकाचा हौद भरायला जास्त वेळ, म्हणून अजून जास्त वेळ सगळ्या एकत्र चालू. शेवटच्या गल्लीतल्या लोकांचं तर पाणी जाईपर्यंत हौद अर्धाच. विजेच्या बाजूनं दुसरं चक्र आहे. लोड वाढला की लाईनच्या टोकाला व्होल्टेज पडतं, ट्यूब लुकलुकते, पंखा मंद होतो. पंखा-बल्बचा लोड व्होल्टेज पडल्यावर कमी होतो, ते डीपीला उपकारच करतात. पण इंडक्शन मोटर तसं करत नाही, पाणी तेवढंच ओढायचं असतं म्हणून ती करंट वाढवते. व्होल्टेज 170-180 पर्यंत आलं की काही मोटरी सुरूच होत नाहीत, घूंऽऽ करून जागेवर थांबतात, आणि अशी अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. त्यानं व्होल्टेज अजून पडतं. टोकाच्या घरातल्या एक आजी म्हणाल्या, "लाईट डिम झाली की मी मोटर दोन-तीनदा चालू-बंद करून बघते बाबा, कवा तरी उठतीच." त्या तरी काय करतील, पण तशी दहा घरं एकाच वेळी करत असतील तर फ्यूज का उडतो ते लक्षात येतं.

फ्यूज उडाल्यावरचं प्रकरण तर अजून अवघड. मामा येऊन फ्यूज बांधतात, स्विच टाकतात, तेव्हा साठ मोटरींची बटणं चालूच असतात, सगळ्या एकाच क्षणी उठायला बघतात, कूलर, फ्रिजही सोबत, आणि फ्यूज पुन्हा जातो. म्हणून मामा आधी ग्रुपवर टाकायला लावतात की सगळ्यांनी मोटरी बंद करा, मग दोन-तीन मिनिटं थांबून लाईट सोडतात. हे त्यांना कुठल्या कोर्सनं शिकवलेलं नाही, आणि आमच्या मॉडेलनं नंतर जे दाखवलं ते ते आधीपासून करत होते. पोरांना मी सांगितलं, रिपोर्टमध्ये ही पद्धत त्यांच्या श्रेयानं लिहा.

मॉडेल बरोबर आहे का हे तपासताना एक गोष्ट पोरांना बरेच दिवस समजेना. एकेका घराची अर्ध्या तासाची चूक काढली की टक्केवारी भयानक यायची. कारण मॉडेल म्हणालं मोटर आठला लागेल आणि प्रत्यक्षात साडेआठला लागली तर आठलाही चूक धरली जाते आणि साडेआठलाही, एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा. डीपीला याच्याशी देणंघेणं नाही, तिला एकूण करंट किती आणि किती वेळ एवढंच कळतं. म्हणून आम्ही निकष बदलला: पाळीच्या रात्रीचा डीपीवरचा कमाल लोड, त्याची शंभरातल्या पंच्याण्णव वेळांची वरची मर्यादा, आणि 100 केव्हीएच्या वर सलग किती मिनिटं. या निकषावर पाळीचा थर असलेलं आणि नसलेलं मॉडेल समोरासमोर ठेवलं तर बिनपाळीच्या दिवशी दोघांत काही फरक नाही, पाळीच्या दिवशी एक जण 56 म्हणतो आणि दुसरा 110.

स्मार्ट मीटरबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. 2021 च्या केंद्राच्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणेच्या योजनेत देशभर 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट ठेवलंय, आता आपल्याकडंही बसायलेत, लोकांच्या मनात शंका आहेत आणि त्यांना नीट उत्तरं मिळाली पाहिजेत. मॉडेलच्या दृष्टीनं हे मीटर 15 किंवा 30 मिनिटांच्या खान्यात वापर नोंदवतात, त्यात मोटरीचा दीड तास स्वच्छ दिसतो, मोटर उठतानाचा झटका मात्र दिसत नाही, तो एका सेकंदाचा खेळ असतो. पण मला यात काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून घर कधी रिकामं असतं हे कुणालाही कळू शकतं. डीपीचा अभ्यास करायला घरनिहाय आकडे बाहेर काढायची गरजच नाही, फेजनिहाय बेरीज पुरते. डीपीवरच एक मीटर लावला तर निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट दराची. जून 2023 मध्ये केंद्रानं ग्राहक हक्क नियमांत बदल केला, सौर तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के स्वस्त आणि पीकच्या वेळी महाग, असं वेळेनुसार दराचं धोरण आणलं. कल्पना चांगली आहे, वॉशिंग मशीन, इस्त्री, गिझर यांना लागू पडेल. पण पाण्याच्या मोटरीला नाही. सव्वासहा युनिटवर एकेक रुपया वाचला तरी महिन्याचे सहा रुपये, आणि सहा रुपये काय सहाशे रुपये दिले तरी नळ रात्री आठला येणार असेल तर माणूस मोटर दुपारी कशी लावणार? मोटरीची वेळ हलवायची तर वॉलची वेळ हलवावी लागते.

तेच करून बघितलं. कॉलनीला पाणी येणाऱ्या लाईनवर मधे एक जुना वॉल होता, गंजलेला, कुणी हात न लावलेला. तो दुरुस्त करून कॉलनीचे दोन भाग केले, आधी खालच्या गल्ल्या, मग वरच्या. मॉडेलमध्ये एका वेळी तीस मोटरी टाकल्या तर 71 किलोवॅट, 43 रिॲक्टिव्ह, म्हणजे 83 केव्हीए. सोबत मामांनी दुपारच्या वेळेला लाईन बंद घेऊन जड फेजवरच्या काही सर्व्हिस दुसऱ्या फेजवर टाकल्या, आता सगळ्यात जड फेजवर 36 टक्क्यांच्या आसपास येतात, म्हणजे 120 अँपिअर, 133 च्या आत.

कागदावर हे सोपं दिसतं, कॉलनीच्या बैठकीत नव्हतं. वरच्या गल्लीचे म्हणाले आधी त्यांना पाणी, मग आम्हाला काय उरणार. खालचे म्हणाले तासाभरात आमचे हौद भरतील का. दोन्ही शंका रास्त होत्या. पाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातला माणूस हलक्यात बोलत नाही, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलंय. शेवटी एका काकांनी तोड काढली की एका पाळीला खालचे आधी, पुढच्या पाळीला वरचे आधी, आलटून पालटून. आणि एका वेळी निम्म्याच मोटरी असल्यानं प्रेशर सुधारलं, हौद पहिल्यापेक्षा लवकर भरायला लागले, हे मॉडेलनं सांगितलं होतं पण लोकांचा विश्वास हौद भरल्यावर बसला. त्यानंतर उरलेल्या उन्हाळ्यात पाळीच्या रात्री फ्यूज उडाल्याचा एकच प्रसंग आला, तोही वादळानं लाईट जाऊन परत आली तेव्हा, म्हणजे तेच सगळ्या मोटरी एकदम उठायचं प्रकरण.

पाळी दिवसा, सकाळी दहा-साडेदहाला घेता आली तर अजून चांगलं. कूलरचा पूर्ण जोर तेव्हा नसतो, आणि 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर पॅनल आलेल्या घरांची वीज नेमकी तेव्हा डीपीवर उपलब्ध असते, रात्री आठला त्या पॅनलचा काही उपयोग नाही. पण गावाची उंच टाकी रात्रीतून भरायला हवी, तिच्या पंपाची लाईन वेगळी, आणि ज्या घरात दिवसा कुणी नसतं त्यांचं काय, हे प्रश्न सुटलेले नाहीत. त्याच्यावर पुढच्या बॅचची पोरं काम करायलेत.

200 ची डीपी कधी मागायची याचाही आकडा आता हातात आहे. दोन भागांत पाळी ठेवूनही एसी दहाचे पंचवीस झाले तर बिनपाळीचा लोडच 66 किलोवॅटवर जातो आणि पाळीच्या रात्री एकूण 100 केव्हीएच्या पार होतो. म्हणून ठरवलंय की दर फेब्रुवारीत कॉलनीतले एसी मोजायचे, विशीच्या पुढं गेले की हा हिशोब जोडून अर्ज द्यायचा. या फेब्रुवारीत मोजले तेव्हा चौदा होते.